थाप

गणपतीत आमच्या घरी जागरणाला पत्ते ठरलेले. भजनी मंडळी काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा घेऊन पुढच्या घरी गेली की माजघरात सतरंजी पडते आणि मेंढीकोट सुरू होतो. बारानंतर पोरं पेंगायला लागली की त्यांना जागं ठेवायला झब्बू. वेंगुर्ल्याच्या वाटेवरच्या त्या घरात मी चाळीसेक वर्षं हेच बघत आलोय. मागच्या खेपेला अमेरिकेत शिकणारा भाचा सुट्टीवर आला होता. त्याने जाहीर केलं, 'आज पोकर.'

देवाच्या पुढ्यात पैसे लावायचे नाहीत, हे आईने आधीच बजावलं. मग चिप्स म्हणून कोनाड्यातल्या डब्यातून चिंचोके निघाले, माळ्यावरून काजूबिया आणि आईच्याच पानाच्या डब्यातून सुपाऱ्या. चिंचोका म्हणजे एक, काजूबी म्हणजे पाच, सुपारी म्हणजे पंचवीस. भाचा शिकवत होता: अँटी, ब्लाइंड, चेक, कॉल, रेझ, फोल्ड. आईचं वय ब्याऐंशी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'पोकर म्हणजे काय रे?'

'खेळाचं नाव आहे, आजी.'

'ता कळला. पण म्हणजे काय?'

भाच्याला सांगता येईना. मलाही येईना. पत्ते वाटून झाले होते, तेव्हा विषय तिथेच राहिला. तासाभराने आईने आपल्या सगळ्या सुपाऱ्या मधे सरकवल्या, तोंडातलं पान शांतपणे चघळत बसून राहिली, आणि भाच्याने बराच वेळ तिच्याकडे बघून हातातली एक्क्यांची जोडी टाकून दिली. तिची पानं उलटून पाहिली तर दुर्री आणि सत्ती, तीही वेगवेगळ्या रंगांची. दोन पानांनी सुरू होणाऱ्या या पोकरमध्ये याहून वाईट सुरुवात नाही. 'आजी, हे काय?' 'काय म्हणजे? थाप मारली.'

मुंबईला परतल्यावर कोश उघडले, तेव्हा कळलं की आईने तिच्याच प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं होतं.

पोकर हा शब्द अमेरिकेत घडला, पण त्याचं मूळ युरोपातलं. न्यू ऑर्लिन्स हे फ्रेंचांनी वसवलेलं बंदर. तिथले फ्रेंच 'पोक' नावाचा पत्त्यांचा खेळ खेळत. त्याचा भाऊ जर्मनीत होता, त्याचं नाव 'पोखेन'. जर्मन भाषेत पोखेन म्हणजे ठोकणे, दारावर टकटक करणे. काळीज धडधडतं त्यालाही पोखेनच. आणि याच शब्दाला फुशारकी मारणे, तोरा मिरवणे असाही जुना अर्थ आहे. हातात चांगली पानं असोत वा नसोत, आव आणून पैसे लावायचे, हा त्या खेळाचा गाभा.

आता मराठीकडे बघा. दारावर थाप पडते, डफावर थाप पडते, पाठीवर शाबासकीची थाप पडते, आणि थाप मारलीही जाते. ठोकणे आणि खोटं बोलणे हे दोन अर्थ जर्मनाच्या आणि मराठी माणसाच्या तोंडी वेगवेगळ्या वाटांनी एकाच शब्दात येऊन बसले. आपल्याकडे 'ठोकून देणे' हा आणखी एक साक्षीदार आहेच. यात कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. हाताने जोरात आपटलं की समोरचा दचकतो, मग आत काही असो वा नसो. एवढं निरीक्षण दोघांनाही पुरलं असावं.

बरं, पोकरचं दुसरं नाव तर उघडउघड तेच सांगतं. अमेरिकेत सुरुवातीला या खेळाला 'ब्लफ' असंही म्हणत. तो शब्द डचांकडून आलेला, आणि त्याचा अर्थ बढाई मारणे. इंग्रजांचा याच कुळातला खेळ 'ब्रॅग', म्हणजे पुन्हा बढाईच! आपली तीन पत्ती या तीन पानी ब्रॅगची मुलगी. ब्रॅगमध्ये एकसारख्या तीन पानांना 'प्रायल' म्हणतात; 'पेअर रॉयल' बोलून बोलून झिजलं त्याचं ते रूप. तीन पत्तीतली आपली 'ट्रेल' तिच्या शेजारी ठेवून एकदा मोठ्याने म्हणून पाहा. म्हणजे जर्मनापासून इंग्रजापर्यंत ज्याने त्याने या खेळाच्या कुळाला एकच नाव दिलं. फरक फक्त भाषेचा. थापेचा हा खेळ आपल्या पोरांनाही ठाऊक आहे. पानं पालथी टाकत 'तीन राण्या' म्हणून ठोकून द्यायचं आणि पकडणाऱ्याने ओरडायचं 'चॅलेंज!'

पोकरचं एक सुरुवातीचं नीट वर्णन सापडतं ते जोसेफ कॉवेल या इंग्रज नटाच्या आठवणींत. पुस्तक १८४४चं, आठवण १८२९ची, लुइव्हिलहून न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्या आगबोटीवरची. तेव्हा पत्ते बावन्न नव्हते. एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी अशी वीसच पानं. चार जण, प्रत्येकी पाच, की पत्ते संपले. बदलून पान घेणं नाही, काही नाही. पानांत करण्यासारखं उरलंच नाही, म्हणजे सगळा खेळ बोलण्यात. मिसिसिपी नदी, दिवसचे दिवस चालणारा प्रवास, खिशात कापसाचे पैसे आणि समोर अनोळखी माणूस. अशा खेळातून जे शब्द निघाले ते पत्त्यांचे कमी आणि पैशाचे जास्त आहेत.

एक्क्यापासूनच सुरुवात करू. इंग्रजी 'एस' हा लॅटिन 'अस'. रोमनांचं हे तांब्याचं नाणं, हिशेबाचं एकक. त्यावरून फाशावरच्या एका ठिपक्याला एस म्हणू लागले. एकच ठिपका म्हणजे फुटकं दान. दोन फाशांवर एकेक ठिपका पडणं हा इंग्रजीत दुर्दैवाला प्रतिशब्दच होता. पत्त्यांत मात्र हा तळाचा एक हळूहळू राजाच्याही डोक्यावर जाऊन बसला. पोकरमध्ये त्याचे दोन्ही जन्म अजून चालू आहेत: राजा-राणीच्या ओळीत तो सगळ्यांत वर, आणि दुर्री-तिर्रीच्या ओळीत सगळ्यांत खाली.

आपल्याकडच्या एकाचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. वैदिक काळच्या द्यूतात दानांची नावं होती कृत, त्रेता, द्वापर आणि कली. चारने भाग जाईल ते कृत, सगळ्यांत उत्तम. एक उरला की कली, घात. पुढे हीच नावं युगांना दिली गेली. म्हणजे आज सकाळी पेपर वाचताना कुणी 'कलियुग आहे' म्हणून सुस्कारा टाकतो, तेव्हा तो मुळात 'दान वाईट पडलं' एवढंच म्हणत असतो. नलोपाख्यानात कली नळाच्या अंगात शिरतो आणि द्वापर फाशांत शिरतो, ते उगीच नाही. फासे पाडणाऱ्यांच्या घरचीच ती माणसं.

आणि नाणं? तेही आहे. संस्कृतात 'पण' म्हणजे नाणं आणि 'पण' म्हणजेच द्यूतात लावलेली रक्कम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दंड सांगितले आहेत ते पणांत. त्यातून मराठीत 'पणाला लावणे' आलं. भाचा 'ऑल-इन' म्हणजे काय ते हातवारे करून सांगत होता, तेव्हा मी म्हटलं, 'सर्वस्व पणाला लावणे.' तो म्हणाला, 'मामा, एवढं जड नको.' पण वजन शब्दाचं नाही, धर्मराजाने ते टाकून ठेवलंय. राज्य, भाऊ, स्वतः आणि द्रौपदी एवढं लावून झाल्यावर त्या शब्दाला हलकं कोण म्हणणार?

अँटी हा पान मिळण्याआधी टाकायचा पैसा. लॅटिन 'अँटे' म्हणजे आधी, समोर. तीन पत्तीत याला 'बूट' म्हणतात. 'आधी सगळ्यांनी बूट टाका' असं एकदा आमच्या चुलतभावाने म्हटलं, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला होता, 'बूट पडवीत!' ब्लाइंडची तीन पत्तीतली आणि पोकरमधली गोष्ट जराशी वेगळी आहे. आपल्याकडे ब्लाइंड खेळणारा पानं न बघता चाल करतो, ती त्याची मर्जी, आणि त्याला चाल निम्म्याने पडते. पोकरमध्ये दोघांना ब्लाइंड टाकावाच लागतो, मर्जी असो नसो.

'चेक' मात्र थांबून बघण्यासारखा. पोकरमध्ये चेक म्हणजे काही न लावता डाव पुढे सरकवणे. हा शब्द बुद्धिबळातून आला आणि बुद्धिबळात फारसीतून, 'शाह' म्हणजे राजा. तोच शाह आपल्याकडे 'शह' होऊन आला. शह देणे, शह-काटशह ही मराठी राजकारणाच्या बातम्यांची रोजची भाकरी. बँकेचा चेकही याच वंशातला. इंग्लंडच्या राजाचा खजिना पटासारख्या चौकटी असलेल्या कापडावर मोजला जाई, त्यावरून खजिन्याला 'एक्सचेकर' नाव पडलं, आणि धनादेशाच्या इंग्रजी स्पेलिंगवर त्याचीच छाप आहे. एक फारसी राजा, आणि त्याची तीन पोरं अशी तीन दिशांना!

पण माझा सगळ्यात आवडता शब्द जॅकपॉट. लॉटरीच्या दुकानापासून सिनेमाच्या जाहिरातीपर्यंत तो मराठीत इतका रुळलाय की त्यात दोन शब्द आहेत हे जाणवतही नाही. १८७०च्या सुमारास अमेरिकेत पोकरचा एक प्रकार निघाला. त्याचा नियम असा की हातात निदान गुलामांची जोडी असल्याशिवाय बोली सुरू करता येणार नाही. कुणाकडेच नसली तर सगळ्यांनी पुन्हा पैसे टाकायचे, पत्ते पुन्हा पिसायचे, पुन्हा वाटायचे. पुन्हा नाही? पुन्हा टाका. असं होत होत मधला ढीग फुगत जाई. मधल्या ढिगाला पोकरमध्ये 'पॉट' म्हणतात, भांडं. आणि गुलाम म्हणजे 'जॅक'. हा 'जॅक' इंग्रजीत पूर्वी हलक्या लोकांचा शब्द समजला जाई. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये गरीब पिप गुलामाला जॅक म्हणतो म्हणून एस्टेला नाक मुरडते. त्याच हलक्या शब्दाच्या नावाने आज कोट्यवधींची बक्षिसं लागतात.

जॅकपॉट म्हणजे शब्दशः गुलामाचं मडकं. आणि मडकं म्हटल्यावर मुंबईकराला काय आठवणार? मटका. १९६०च्या दशकात मुंबईत जो आकड्यांचा जुगार फोफावला, तो आधी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर चाले. ते भाव येणं थांबल्यावर मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला लागले. पुढे मडकंही गेलं आणि पत्त्यांतून तीन पानं काढून बेरजेचा शेवटचा आकडा घेऊ लागले. मडकं गेलं तरी 'मटका' राहिला. न्यूयॉर्कचा बाजार सुटला तरी 'ओपन' आणि 'क्लोज' राहिले. मिसिसिपीवर कापसाचा पैसा भांड्यात पडत होता, परळ-लालबागच्या गिरणगावात कापसाच्या भावावर आकडा लागत होता. दोन्हीकडे ज्या गोष्टीने जुगाराला नाव दिलं ती स्वयंपाकघरातली. 'त्याला मटका लागला' आणि 'त्याला जॅकपॉट लागला' ही दोन वाक्यं मराठीत आज एकाच अर्थाने वापरतात, आणि वापरणाऱ्याला नकळत ती भाषांतरं आहेत.

चिप्सविषयी थोडक्यात. जुन्या प्रथेत पांढरी चकती सगळ्यांत स्वस्त, मग लाल, आणि निळी सगळ्यांत महाग. १९२०च्या दशकात डाऊ जोन्समध्ये काम करणाऱ्या ऑलिव्हर गिंगोल्ड या पत्रकाराने २०० डॉलर किंवा त्याहून महाग शेअर्सना ब्लू चिप म्हटलं, असं तिथे सांगतात. आज आपल्याकडचे गुंतवणूक सल्लागार 'निवृत्तांनी ब्लू चिपमध्ये पैसे ठेवावेत' म्हणतात, तेव्हा त्यांना सुरक्षित कंपन्या अभिप्रेत असतात. पोकरच्या टेबलावर निळ्या चकतीइतकं असुरक्षित काही नसतं. आमच्या त्या रात्रीच्या हिशेबात ब्लू चिप म्हणजे सुपारी, आणि आईने सगळ्या सुपाऱ्या एकदम कशावर लावल्या ते वर आलंच आहे.

'पासिंग द बक'ही इथलाच. वाटायची पाळी कुणाची हे लक्षात राहावं म्हणून त्याच्यासमोर एखादी वस्तू ठेवत. बहुधा ती हरणाच्या शिंगाच्या मुठीचा चाकू असे, म्हणून 'बक', अशी समजूत आहे. वाटायचं नसलं तर बक पुढच्याकडे सरकवायचा. आता चाकूच्या जागी प्लास्टिकची चकती असते. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन पोकरचे शौकीन होते. त्यांच्या टेबलावर 'द बक स्टॉप्स हिअर' अशी पाटी होती. ती ओक्लाहोमातल्या एका सुधारगृहात तयार झाली होती आणि १९४५ साली त्यांना भेट मिळाली. जबाबदारी पुढे सरकणार नाही, असा त्याचा अर्थ. बक पुढे सरकवण्याला आपण टोलवाटोलवी म्हणतो. आपल्या शब्दात पत्ते नाहीत, विटीदांडूतला टोला आहे. सरकारी कचेरीत गेलेल्या कुणालाही पटेल की आपला शब्द जास्त नेमका आहे. बक निदान शेजाऱ्याकडे जातो, टोलवलेली विटी कुठे पडेल याचा भरवसा नाही.

मराठीने पत्त्यांतून काय घेतलं? हुकमी एक्का, उतारी, डाव साधणे, डाव उलटणे, आणि मुंबईने तर 'भिडू' थेट रस्त्यावर आणला. यातला प्रत्येक शब्द हात करण्याच्या खेळांतला आहे. त्या खेळांत हुकूम असतो आणि भिडू असतो. पोकरमध्ये दोन्ही नाहीत. चारही रंग सारख्या तोलाचे, आणि प्रत्येक जण एकटा. म्हणून 'एस इन द होल'चं भाषांतर कुणी 'हुकमाचा एक्का' असं करतं तेव्हा मला ते खटकतं. अमेरिकन एक्का पालथा पडलेला आहे, त्याचं बळ तो कुणाला दिसत नाही यात आहे. हुकमाच्या एक्क्याला लपायची गरजच नसते. हुकूम म्हणजे आज्ञा, शब्द अरबी; रंग सगळ्यांसमोर जाहीर झालेला असतो, एक्का उतरला की बोलणं संपलं. इंग्रजीत हुकमाला ट्रंप म्हणतात, तो 'ट्रायम्फ'चा, म्हणजे विजयाचा, झिजलेला अवतार. त्यांनी निकालाचं नाव दिलं, आपण फर्मानाचं.

रंगांच्या नावांतही गंमत आहे. इंग्रज ज्याला 'क्लब' म्हणजे दंडुका म्हणतो त्या पानावर दंडुका नाहीच, तीन पाकळ्यांचं गवताचं पान आहे. चित्र फ्रेंचांचं घेतलं आणि नाव स्पॅनिश पत्त्यांचं. डच त्या पानाला जे आहे तेच म्हणतात, 'क्लाव्हर'. आणि आपण म्हणतो किलवर. सतराव्या शतकात डचांची वखार आमच्या वेंगुर्ल्यातच होती, हे मी जागरणाला दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतं, 'उतारी कर आधी.'

'फ्लश' लॅटिन 'फ्लुक्सस'वरून, म्हणजे प्रवाह. एकाच रंगाची पानं एका धारेने आली. तीन पत्ती खेळणारे त्याला सरळ 'कलर' म्हणतात. भाच्याची इथे पंचाईत झाली होती. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो, तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला. घरातले सगळे त्याच्यावर तुटून पडले की तू नियम उलटे शिकून आलास. दोन्ही नियम बरोबर आहेत. पाच पानांत कलरचे ५,१०८ हात होतात आणि सिक्वेन्सचे १०,२००. तीन पानांत कलरचे १,०९६ आणि सिक्वेन्सचे ७२०. जे दुर्मीळ ते वरचं. हा न्याय काटेकोर लावला तर मात्र तीन पत्तीत प्युअर सिक्वेन्स ट्रेलच्या वर हवी, कारण तिचे ४८ हात आणि ट्रेलचे ५२. पण ट्रेलवर हात टाकायची छाती कुणाची?

पोकर फेससाठी आपल्याकडे शब्द शोधत बसायला नको. मख्ख चेहरा आहे, चेहऱ्यावरची माशी न हलणं आहे. फक्त आपण ते नावं ठेवायला वापरतो, आणि अमेरिकन कौतुकाने. आईला मी दुसऱ्या दिवशी विचारलं, एवढ्या सुपाऱ्या लावताना तुझ्या चेहऱ्यावर काहीच कसं नव्हतं? म्हणाली, 'तोंडात पान होतं.'

तर पोकरला मराठी नाव हवंच असेल तर माझं मत 'थाप'ला. बोलीसाठी चाल आणि बोली आहेतच, फोल्डला तीन पत्तीवाल्यांचा पॅक आहे, ऑल-इनला 'पणाला लावणे'. चेकला मात्र, वंश एक असला तरी, शह म्हणू नका. मराठीत शह म्हणजे हल्ला, आणि पोकरमधला चेक म्हणजे गप्प बसणं. त्याला आमच्या माजघरात 'पास' म्हणतात.